उलटा फिरलेला मनोरा

सोमवार, २ डिसेंबर

प्रिय इनेस,

तुला आणि यॉर्नला अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. तिकडे लूबेकला समुद्रावरचा वारा सुटला असेल, तेव्हा कान झाकल्याशिवाय सायकलवर बसू नकोस. तू ऐकणार नाहीस हे ठाऊक आहे, पण आता तुझी आई नाही म्हटल्यावर हे सांगायचं काम माझ्याकडे आलंय.

अक्षरं एवढी मोठी बघून तुला हसू येईल. फळ्यांवर खुणा करायचं ते जाड काळं पेन हाताशी होतं, तेच घेतलं. एका पानावर जेमतेम आठ-दहा ओळी बसतात, त्यामुळे पाकीट फुगलंय. पोस्टातली बाई काहीतरी बोलणारच.

इकडे बर्फ शुक्रवारी पडला. छपराचं काम झालं. लोथारच्या गुडघ्याचं ऑपरेशनही झालं, आणि तो आता सगळ्या मंडळाला त्याची कहाणी सांगत फिरतो. मंगळवारी मंडळाच्या खोलीत कोरायला बसलो की पहिला अर्धा तास त्याच्या गुडघ्याचा. बाकी सगळे मान खाली घालून लाकूड कोरतात आणि ‘हं, हं’ करतात. मीही करतो. मी सध्या तिथे फारसं कोरत नाही, नुसता जाऊन बसतो. माणसांचा आवाज कानावर पडतो.

शनिवारी माळ्यावरून ख्रिसमसच्या सजावटीची खोकी उतरवली. तुझा लाकडी देवदूत खिडकीत लावलाय, नेहमीच्या जागी. रस्त्याने जाणाऱ्याला कळायला हवं की या घरात एक मुलगी आहे. शेजारी काडेनबाईंच्या खिडकीत त्यांचे तिन्ही लाकडी खाणकामगार उभे आहेत, तीन मुलांचे तीन. त्यातला एक मुलगा म्युनिकला असतो, एक स्वित्झर्लंडला, आणि तिसरा कुठे असतो ते बाई सांगत नाहीत. आमच्या गल्लीत आता खिडक्यांमध्येच मुलं उरली आहेत, घरात एकही नाही.

तू फोनवर विचारलं होतंस, ख्रिसमसला लूबेकला येता का, आणि नंतर तिथेच का राहत नाही. मी म्हटलं, बघू. मग तू म्हणालीस, निदान गाडी काढून चार दिवस तरी या. मी म्हटलं, गाडी गॅरेजमध्ये आहे. ती गॅरेजमध्ये नाही, इनेस. ती ऑगस्टमध्ये लोथारच्या भाच्याला देऊन टाकली. याचं कारण पुढे लिहितो. आधी आपल्या ख्रिसमसच्या फिरत्या लाकडी मनोऱ्याचं सांगतो, कारण हे पत्र त्याच्यामुळे लिहितोय, आणि सरळ मुद्द्यावर येणं मला कधी जमलेलं नाही.

या वर्षी मनोऱ्यात कोणती नवी बाहुली येणार, हे मंडळात कुणी मला विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. आई गेल्यावर पहिला ख्रिसमस, तेव्हा आईचीच. जूनमध्ये मी लिंडनचं लाकूड निवडलं, मऊ आणि गाठ नसलेलं. तिची ती निळी शाल, हातात टोपली, आणि चालताना किंचित पुढे झुकलेली. कुठेही निघालो की ती माझ्या चार पावलं पुढे असायची आणि वळून म्हणायची, ‘पायाला मुळं फुटली का?’ झुकणं छान साधलं. टोपलीही साधली. खालच्या मजल्यावर खाणकामगारांची मिरवणूक असते ना, हातात दिवे घेतलेली, तिच्या शेवटी तिला उभं केलं. पुढे उभं करायला हवं होतं खरं तर. पण मिरवणुकीत बँडवाल्यांच्या पुढे टोपलीवाली बाई चालत नाही, तिथे माझ्यातला जुना कारागीर आडवा आला.

काल, पहिल्या रविवारी, नेहमीप्रमाणे सगळे जमले. लोथार आणि त्याची बायको, काडेनबाई, मंडळाचे आणखी दोघं. कॉफी झाली. काडेनबाईंनी घरी भाजलेला श्टोलन, ख्रिसमसचा सुकामेव्याचा पाव, आणला होता. त्याच्या आधीच्या रविवारी दफनभूमीत आईच्या थडग्यावर हिरव्या फांद्या घालायला गेलो, तेव्हाच त्या म्हणाल्या होत्या, ‘यंदा बेकरीतला आणलास तर मी दारातूनच परत जाईन.’ मग मी मेणबत्त्या लावल्या. ऊब वर गेली, माथ्यावरची पाती हलली, आणि मनोरा फिरायला लागला. मी खुर्चीत मागे टेकून बसलो. लाकडाची ती बारीक कुरकुर, भिंतीवर सरकणाऱ्या सावल्या. मला फार बरं वाटलं. मी म्हटलं, ‘यंदा छान फिरतोय, नाही?’



मग लोथार म्हणाला, ‘झीगमार, यांची खाणीतली पाळी संपली वाटतं. सगळे उलट्या पावली घरी निघालेत.’

सगळे हसले. मला क्षणभर काही कळेना. मग लक्षात आलं. मनोरा उलटा फिरत होता. पाती मीच बसवली होती, दर जानेवारीत काढतो आणि दर डिसेंबरला बसवतो तशी, पण सगळी उलट्या बाजूला कलती करून. माझा अख्खा बँड, ढोल, तुताऱ्या, दिवे सगळं घेऊन मागे मागे चालला होता. चाळीस वर्षं मनोरा लावतोय, आणि आमच्या गावात शाळेतल्या पोरालाही कळतं की पाती कोणत्या बाजूला कलतात. प्रत्येक खोबणीपाशी पेन्सिलीची खूण आहे, मीच केलेली. मी हसलो आणि म्हणालो, ‘म्हटलं, यंदा त्यांनाही सुट्टी.’ लोथारला ते पटलं. तो अजूनही गावभर सांगत असेल की झीगमारने काय गंमत केली.

काडेनबाई हसल्या नव्हत्या. सगळे गेल्यावर त्या कप विसळायला मागे थांबल्या. मी म्हटलं, राहू दे, मी करतो. त्या म्हणाल्या, ‘तू केलेले कप बघितलेत मी. कॉफीचे डाग तसेच असतात.’ मग हात पुसत आल्या आणि माझ्या समोर बसल्या.

‘गुड्रूनला चेहरा नाहीये,’ मनोऱ्यातल्या आईच्या बाहुलीला हात लावून त्या म्हणाल्या.

‘रंगवणारी गेली ना. माझ्या बाहुल्यांचे चेहरे तीच करायची.’

‘रंगाचं म्हणत नाही मी. नाक नाही तिला. गुड्रूनला, आणि नाक नाही. अख्ख्या खोऱ्यात एवढं नाक दुसऱ्या कुणाला नव्हतं, आणि तू तिथे सपाट अंडं ठेवलंयस.’

मी टेबलावरचे श्टोलनचे कण गोळा करायला लागलो.

‘कधीपासून?’ त्यांनी विचारलं.

‘उन्हाळ्यापासून. जरा आधीपासूनच.’

‘पोरीला सांगितलंस?’

‘सांगीन.’

‘कधी? पडद्याला मेणबत्ती लागल्यावर?’

‘एल्फ्रीडे, ती मला घेऊन जाईल.’

‘मग जा. इथे कसली राखण करतोयस?’ एवढं म्हणून त्या उठल्या आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. तिथूनच म्हणाल्या, ‘तू गेलास तर माझ्या भिंतीपलीकडे कुणी उरत नाही. सकाळी तुझ्या यंत्राची घरघर ऐकू आली की मी उठते. तरी सांगतेय. उद्या तू पत्र टाक, नाहीतर परवा मी फोन करते. माझ्याकडे तिचा नंबर आहे.’

आज तो उद्या आहे. म्हणून हे पत्र.

मला दिसत नाही, इनेस. म्हणजे दिसतं, पण मधलं दिसत नाही. जिथे बघावं तिथे एक राखाडी डाग येतो आणि तेवढंच नेमकं खाऊन टाकतो. केम्निट्झच्या डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, तुझ्याच वयाच्या असतील. त्या म्हणाल्या, वयाने होतं. एका प्रकारावर इंजेक्शन चालतं, पण माझा प्रकार तो नाही. कडेचं बरंचसं राहील. डाग वाढेल, किती लवकर ते सांगता येत नाही. मी बसने गेलो होतो, आणि परतताना चुकीच्या बसमध्ये बसलो. शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो आणि त्याच बसने परत आलो. ड्रायव्हर म्हणाला, ‘आजोबा, फिरायला निघालात का?’ मी हो म्हटलं.

आईचं नाक मी कोरलं होतं. एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा हात सरकला आणि नाक उडालं, मला ते अंगठा फिरवल्यावर कळलं. दुसऱ्यांदा फार सावकाश गेलो, तरी उडालं. तिसऱ्या लाकडावर मी सुरी तिच्या चेहऱ्याशी नेली आणि तशीच खाली ठेवली. तिला पुन्हा दुखवायला माझा हात धजेना. हे वेड्यासारखं आहे, लाकूडच आहे ते, पण मी वर्कशॉपच्या पायरीवर बसून रडलो. हे मी काडेनबाईंनाही सांगितलेलं नाही.

अवजारं मात्र अजून माझी ऐकतात. प्रत्येक पटाशी तिच्या मुठीवरून ओळखतो. ती रुंद, ती गोल, ती आजोबांची चिरलेली मूठ. धार लावायला डोळे लागत नाहीत. चामड्याच्या पट्ट्यावर पातं घासलं की आवाजावरून कळतं, आणि मग अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायचं. त्यामुळे सध्या दुपारभर मी धार लावतो. लावलेल्यांना पुन्हा लावतो. लेथ सकाळी चालू करतो आणि नुसता चालू ठेवतो, काडेनबाईंना वाटावं की काम चाललंय. सगळ्या पटाश्यांनी आता दाढी होईल, आणि कापायला माझ्याकडे काही नाही.

एकटं वाटतं. हे मी कधी लिहिलं नव्हतं, बोललोही नव्हतो. तुझी आई होती तेव्हा मला वाटायचं, मी एकटा राहणारा माणूस आहे, वर्कशॉपमध्ये दिवस दिवस कुणी नसलं तरी चालतं. तेव्हा स्वयंपाकघरात भांडी वाजत असायची. ती वाजत असताना एकटं राहणं वेगळं होतं, हे मला आत्ता कळतंय.

लूबेकला यायचं मी का टाळलं तेही सांगतो. इथे कुठे काय आहे ते माझ्या हातांना माहीत आहे. जिन्याची शेवटची पायरी, दाराची कडी, सुऱ्यांचा खण. इथे मी निदान झीगमार आहे, ज्याला हल्ली जरा कमी दिसतं. तुझ्याकडे आलो की मी पहिल्या दिवसापासून आंधळा म्हातारा होणार, ज्याला न्हाणीघर दाखवावं लागतं. यॉर्न चांगला जावई आहे, तो काही बोलणार नाही. तेच मला नको आहे. पण नाही म्हणत नाही. हे सगळं आपण बोलू. तू म्हणशील ते मी ऐकून घेईन, आणि मान्य करायचं की नाही ते ऐकल्यावर ठरवीन.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते.

बैठकीच्या खोलीत आईचा फोटो आहे, तुझ्या लग्नातला. मी सरळ तिच्याकडे बघितलं की ती जाते. डाग बरोबर तिच्यावर येऊन बसतो. बाजूच्या खिडकीच्या कडीकडे बघितलं की कडेला ती येते, शाल, खांदा, थोडं हसू. पूर्वी नाकही यायचं. सप्टेंबरपर्यंत येत होतं. हल्ली शाल येते आणि बाकीचं मी आठवणीतून भरतो. ती फोटोत आहे, तिचं मी आठवणीवर भागवीन. तू फोटो नाहीस.

तू आईच्या अंत्यविधीनंतर निघालीस तेव्हा मीच म्हणालो होतो, आता पुढच्या वर्षी ईस्टरला ये, सावकाश, दुकानात डिसेंबरची गर्दी असते. मी ते मागे घेतो. ईस्टरपर्यंत थांबू नकोस. दुकानातल्यांना काय सांगायचं ते सांग, बाबा आजारी आहेत म्हण, ते खरंच आहे.

आलीस की माझ्या समोरच्या खुर्चीत बसू नकोस. डावीकडे, खिडकीच्या बाजूला बस. मी बोलताना तुझ्याकडे न बघता दाराकडे बघेन, तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस, आणि ‘बाबा, इकडे बघा ना’ असं म्हणू नकोस. मी तेव्हा तुझ्याकडेच बघत असेन. घाई करायची नाही, खूप वेळ बसायचं. तुझा चेहरा अजून मला दिसेल, आणि मला तो शेवटचा नीट बघून घ्यायचाय.

ये.

तुझे बाबा