मागील अपघाताचा रकाना

प्रिय ठमाबाई,

तुझी आई गेले पंधरा दिवस मला 'विमेदार' म्हणून हाक मारते आहे. घर आणि गाडी, दोन्हींचा एकत्र विमा कोणाकडे उतरवावा, या एकाच विचाराने मला पछाडलंय. घड्याळं दुरुस्त करून करून डोळे अधू झाले, पण बारीक अक्षर दिसलं की अजूनही चेव येतो. तीन कंपन्यांची माहितीपत्रकं स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरली होती आणि आई खुशाल त्यांच्यावरच भाजी चिरत होती.

एकत्र विम्याचं खूळ कुठून आलं, हे तुला सांगायला नकोच. नऊ वर्षांपूर्वी आपली गाडी दारासमोरच्या उतारावरून घरंगळत याच स्वयंपाकघराच्या भिंतीत शिरली. घराचे विमावाले म्हणाले, पाडलं गाडीने, तिकडे जा. गाडीचे म्हणाले, घर तुमचंच, इकडे कशाला आलात? चार महिने आपण भिंतीच्या जागी जुनी चादर बांधून जेवलो. वाऱ्याची झुळूक आली की आई तिला 'या, बसा' म्हणायची.

तू मात्र हसायची नाहीस. गाडी तू उभी केली होतीस, तेव्हा हँडब्रेक लावायला तूच विसरलीस, हे घरात ठरून गेलं. मीच ठरवलं. भरपाईच्या अर्जातही तसंच लिहिलं. त्यानंतर तू स्टीअरिंगला हात लावला नाहीस. परवा आईकडून कळलं, हॉस्पिटलच्या ड्यूटीला जायला तू दोन बस बदलतेस, आणि जावईबापू गाडी पुन्हा शिकवतो म्हणाले तर 'माझा भरवसा नाही' म्हणालीस.

तर कंपन्या. पहिली सगळ्यांत स्वस्त. दुसरीचा माणूस इतका गोड बोलला की तो गेल्यावर आईने मला खिसे तपासायला लावले. तिसरीची बाई रोखठोक. मागचा अपघात विचारला, मी नेहमीचं उत्तर दिलं. लिहिता लिहिता ती थांबली आणि तिने सहज विचारलं, मुलीनंतर गाडीत आणखी कोणी बसलं होतं का? नऊ वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं. चहाचं बघतो म्हणून मी उठलो.

बसलं होतं, ठमे. मी बसलो होतो. माझं भिंग सीटच्या फटीत पडलं होतं. हात आत जाईना, म्हणून हँडब्रेक मीच खाली केला, भिंग काढलं आणि ब्रेक तसाच सोडून घरात कामाला लागलो. भिंत पडली त्याच क्षणी मला कळलं होतं. पण याचा हात कधी चुकत नाही म्हणून गिऱ्हाईक माझ्याकडे यायचं, आणि तूही तेच मानायचीस. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. आज सकाळी आईला सांगितलं. हे पत्र आजच टाका, एवढंच म्हणाली.

विमा त्या तिसऱ्या बाईकडेच उतरवला. अपघाताच्या रकान्यात माझं नाव लिहिलं आणि गाडी चालवणाऱ्यांच्या रकान्यात माझ्या नावाखाली तुझं. सोबत गाडीची दुसरी किल्ली ठेवली आहे. रागव, महिनाभर फोन करू नकोस, तुझा हक्कच आहे तो. पण गाडी पुन्हा शीक. त्या दिवशी तू हँडब्रेक लावला होतास, पोरी. चांगला घट्ट लावला होतास.

तुझाच, चुकलेला,
बाबा