ठमीची अंडी

३ नोव्हें.
ठमी खाते भरपूर, पण उचलली तर हाताला वजनच लागत नाही. छातीचं हाड बोटांना टोचतं. वरच्या मजल्यावरच्या परब काकू अंडी न्यायला आल्या होत्या. "तुरो पांढरो कित्याक दिसता गो?" म्हणाल्या. ऊन लागलं असेल, असं ठोकून दिलं. काकूंचं अख्खं लहानपण मालवणात कोंबड्यांमागे गेलेलं, आणि मी त्यांना ऊन सांगते.

५ नोव्हें.
खुराडं झाडताना विष्ठेत पांढरे दोरे. शेवयांसारखे, वळवळणारे. शी. भुसा गणपतीपासून बदललेला नाही. खालून ओला, कुबट. आणि मी सोसायटीभर मिरवते की आमच्या ठमीच्या अंड्यांची सर बाजारातल्या अंड्यांना नाही. नवऱ्याला बजावलंय, कोणाजवळ बोलायचं नाही. सुधीर म्हणाला, "कोंबडीला जंत झालेत, तुला काय झालंय?"

६ नोव्हें.
डॉ.कडे नेली. पिशवीत घालून वर टॉवेल, गेटवर कोणी विचारू नये म्हणून. गोल जंत आहेत, माणसाला होत नाहीत. चला, सुटले. घरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं, चिठ्ठीतल्या मापाने औषध पाजलं. पंधरा दिवसांनी पुन्हा. भुसा नवा, खुराडं कोरडं. आणि औषध अंड्यात उतरतं, म्हणून डॉ. सांगतील तोवर अंडी कोणी खायची नाहीत, सरळ टाकून द्यायची.

८ नोव्हें.
काकू डबा घेऊन दारात. दोन अंडी समोरच टोपलीत, टाकायला काढलेली. ही नको, औषध चालू आहे, एवढंच म्हणायचं होतं. मग कसलं औषध ते सांगावं लागलं असतं. मग भुसा...
दिली. स्वतःच्या हाताने डब्यात ठेवली.

१० नोव्हें.
नाक्यावरून गावठी अंडी आणली आणि ठमीची म्हणून वर पाठवली. ठमीची कागदात गुंडाळून कचऱ्यात. एक लपवायला दुसरं, ते लपवायला तिसरं. या वयात.

१६ नोव्हें.
ठमीचा तुरा लाल व्हायला लागलाय. विष्ठाही स्वच्छ. आज कितीतरी दिवसांनी बरं वाटत होतं. संध्याकाळी काकू जिन्यात भेटल्या. मी सहज विचारलं, अंडी कशी लागतात? तर म्हणतात, "मी खंय खातंय? सगळी सुनेक धाडतंय साकीनाक्याक. सातवो लागलो तिका. भायल्या अंड्यांचो काय भरवसो? तुझी कशी, डोळ्यांसमोरची."
मी हसले. हसले मी!

१७ नोव्हें.
सकाळी उठून आधी डॉ.ना फोन. दोन अंड्यांनी बहुधा काही होणार नाही, म्हणाले, पण सुनेच्या डॉक्टरांना औषधाचं नाव कळलंच पाहिजे. म्हणजे आधी काकूंना. सुधीर म्हणाला, मी सांगून येतो. नको म्हटलं. तो सांगेल "चुकून दिली". चुकून नव्हती दिली.
औषधाचं नाव मोठ्या अक्षरात कागदावर लिहिलं. अर्ध्या जिन्यातून दोनदा परत आले. एकदा चष्म्यासाठी, एकदा उगीच.
आता हे लिहीत बसणं म्हणजेसुद्धा टाळणंच. वर काकूंचा मिक्सर चालू आहे, म्हणजे घरात आहेत. तो थांबला की जाते.
थांबला.