आत्याचा डोळा आणि आत्याचीच अट

तीर्थरूप (की तीर्थस्वरूप? शाळेत तो धडा झाला त्या दिवशी मी गावात नव्हतो) काकांना साष्टांग नमस्कार. तुमची कंबर, काकूंचा गुडघा आणि शेजाऱ्यांशी भिंतीवरून चाललेला वाद, तिन्ही कसे आहेत?

मी दोन दिवसांसाठी म्हणून आत्याकडे उतरलो, त्याला तीन आठवडे झाले. वाटेत एक छत्र्या दुरुस्त करणारा भेटला, त्याची हकिकत सांगण्यासारखी आहे, पण ती राहू दे. आत्याच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, याच महिन्यात ऑपरेशन करा, नाहीतर डोळ्याची खात्री नाही. मग करा की! पण तीस वर्षं समाजकल्याण खात्यात काढलेल्या बाईचं काही सरळ होईल तर शपथ. खाजगी दवाखाना तिला नको. (“लोकांना जिथं पाठवलं, तिथंच मी जाणार.”) आणि सरकारी दवाखान्यात अट अशी, की दहा दिवस घरी राहून वेळेवर थेंब घालणारा, कायमचा पत्ता असलेला नातेवाईक सहीला हवा. ही अट आणली कुणी? आत्याने! एकट्या म्हाताऱ्यांचे डोळे थेंबांवाचून जायचे, म्हणून त्या वेळी ती चार साहेबांशी भांडली होती.

मी छाती पुढे काढून दवाखान्याच्या खिडकीशी गेलो. कारकूनबाईंनी पत्ता विचारला. मी प्रामाणिकपणे तीन सांगितले. (त्यातला एक बोटीचा होता.) बाई म्हणाल्या, “फिरत्या माणसाची सही घ्यायची नाही, मॅडमनीच शिकवलंय आम्हाला.” आणि मॅडम, म्हणजे आपली आत्या, धड असलेल्या डोळ्याने तिच्याकडे कौतुकाने बघत मला म्हणते, “बघ, किती पक्की तयार झालीय पोरगी!” आता कुणाच्या कपाळावर हात मारू?

घरीही तेच. नाक कागदाला टेकवून शेजारणीचे अर्ज भरते. दारात आलेल्या दूधवाल्याला रक्तदाब तपासल्याशिवाय सोडत नाही. काल माझ्या चहात मीठ घातलं आणि वर ऐकवलं, साखर तब्येतीला वाईटच. माझ्याने हे होणार नाही. मी उद्या निघतोय.

तुमचा,
बिनपत्त्याचा पुतण्या

ता. क. अकरा वर्षांपूर्वी तुम्ही बदलीसाठी तिची चिठ्ठी मागितलीत, तिने “रीतसर अर्ज कर” म्हटलं, आणि तेव्हापासून तुम्ही बहीणभाऊ बोलत नाही, हे मला ठाऊक आहे. पण काका, कायमचा पत्ता असलेलं तिचं माणूस आता तुम्हीच, सही तुमचीच चालेल. खिडकी गुरुवारी दहाला उघडते. कपडे दहा दिवसांचे आणा. निघतोय म्हटलं ते रागात. सकाळचे थेंब मी घालीन.

ता. क. दुसरा. पत्र आत्याला वाचून दाखवावं लागलं. मग म्हणाली, “त्याला मुळीच बोलावू नकोस.” पाकीट चिकटवायला घेतलं, तर आतून ओरडली, “आणि आलाच, तर पत्त्याच्या कागदाच्या दोन प्रती आण म्हणावं. एकीवर परत पाठवतात.”