या घरात बाळंतीण आहे

राणीसावरगाव,
सोमवार, दि. ३ जानेवारी २०२२, सकाळचे सव्वासहा.

ती. सुकेशनीताईस,
बालाजीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आईच्या खोलीला चुन्याचा दुसरा हात देऊन आत्ताच शिडीवरून उतरलो आणि तसाच लिहायला बसलो. कागदाच्या कोपऱ्यावर पांढरा ठसा दिसेल, तो चुन्याचा आहे, काळजी करू नये. फोन करता आला असता, पण तुमच्याकडे फोन स्पीकरवर असतो आणि मी दोन वाक्ये बोललो की तिसरे तुझ्या सासूबाई बोलतात. पत्रात मला पूर्ण बोलता येते.

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. आई असती तर हे लिहायची गरजच पडली नसती, तिने तुला दिवाळीतच आणून बसवले असते. आता घरात मी आणि बाबा. एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, आई गेली तेव्हा तू दारातूनच परत गेलीस, खोलीत पाय ठेवता आला नाही, हे माझ्या मनातून जात नाही. म्हणून ही खोली मी नीट करतो आहे. बाज नव्याने विणून घेतली. खिडकीला जाळी बसवली. शेगडीसाठी कोळसा आणला, तुरीच्या काड्याही अंगणात रचून ठेवल्या आहेत, कारण यंदा थंडी फार आहे. बाळंतशेपा, ओवा, डिंक आणले. डिंकाचे लाडू मी स्वतः केले. पहिली खेप दगडासारखी झाली. ती बाबा रोज एक याप्रमाणे चहात बुडवून न बोलता खातात. दुसरी खेप चांगली आहे. तुला आणि बाळाला न्हाऊ घालायला शेजारच्या मनकर्णामावशी तयार आहेत.

तिसरी लाट आली म्हणतात. शाळा पुन्हा बंद होणार अशी बोलणी आहेत. एसटीचा संप मिटलेला नाही, पण त्याची चिंता नको, मी जीप सांगून ठेवतो. तू फक्त एवढेच कळव की तुझ्या सासूबाई तुला पाठवतील ना? बाबा तोंडाने विचारत नाहीत, पण रोज दोनदा खोलीत डोकावून जातात.

तुझा भाऊ,
बालाजी


रेल्वे क्वार्टर, पूर्णा,
गुरुवार, दि. ६ जानेवारी २०२२.

चि. बालाजीस,
ताईचे अनेक आशीर्वाद, आणि बाबांना जयभीम.

तुझे पत्र पोचले. चुन्याचा ठसाही पोचला. नववीत शाळा सोडलेल्या पोराचे पत्र आहे हे इथे कोणाला खरे वाटत नाही. शेजारच्या क्लार्कबाईंनी वाचायला मागितले आणि म्हणाल्या, आमच्या ऑफिसात असं शुद्ध कोणी लिहीत नाही. मी लगेच सांगितले की माझा भाऊ बोर्ड रंगवतो, त्याची एक वेलांटी चुकली तर वर्षभर सगळ्या गावाला दिसते. सांगताना मान जरा वरच होती माझी.

आता खरे सांगते. सासूबाईंचे मन होत नाही. वाईट नाहीत रे त्या, मला सकाळी गार पाण्याला हात लावू देत नाहीत. पण तुझे लाडू, बाज, जाळी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, दोन गड्यांच्या घरात बाळंतीण ठेवायची म्हंजी काय ती राखणीला ठेवायची का? रातच्याला लेकरू रडलं तर कोन उठणार, तुजा बाप का त्यो बोर्डवाला? बिनबाईच्या घरात बाळंतपण कुणी काढतं का?

पण मला यायचे आहे. मला दिवस गेलेत हेसुद्धा आईला कळले नाही. मला तिच्या खोलीत बाळाला घेऊन निजायचे आहे, एवढेच. तुझ्या दाजींना सांगितले, ते आईला सांगतो म्हणाले आणि ड्युटीवर निघून गेले. रुळावर दिवसभर घण मारतात, पण आईपुढे आवाज फुटत नाही.

शेवटी काल सासूबाई एवढ्यावर आल्या आहेत की सोळा तारखेला पाठवीन, पण खोलीत चारचौघांची ये-जा झाली असं कानावर आलं तर त्याच जीपनं माघारी आणीन. डॉक्टरांनी महिनाअखेरीची तारीख दिली आहे. तेव्हा गर्दी होणार नाही याची तजवीज तू आत्ताच करून ठेव. तुला सांगायला नकोच म्हणा.

लाडूची दुसरी खेप बाबांपासून लपवून ठेव.

तुझी,
ताई


राणीसावरगाव, तुरीच्या शेतातील खोप,
शुक्रवार, दि. १४ जानेवारी २०२२, दुपारचे अडीच.

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

हे पत्र लिहून मी दोन दिवस उन्हात दगडाखाली ठेवणार आहे आणि मग बाबा ते टपालात टाकतील. कारण पुढे वाच. आधी बसून घे.

मी तजवीज केली आणि त्या तजविजीनेच सगळा घोटाळा झाला. दारावर सूचना लिहायची असे मी ठरवले. ऑइलपेंटचा आणि टर्पेंटाइनचा वास आठ दिवस जात नाही, तो बाळंतिणीला चांगला नाही. म्हणून तू येण्याच्या आधीच लिहून ठेवावे म्हणजे तोवर वास उडून जाईल, असा माझा हिशोब होता. रविवारी दाराशेजारच्या भिंतीवर पांढऱ्यावर लाल रंगात, वीतभर अक्षरांत लिहिले: या घरात बाळंतीण आहे. मास्क लावल्याशिवाय व विचारल्याशिवाय आत येऊ नये. अक्षर चांगले वठले. रस्त्यावरून वाचता येते. ते लिहून मी गंगाखेडला एका दुकानाचा बोर्ड करायला गेलो.

संध्याकाळी परत आलो तर अंगणात पाय ठेवायला जागा नाही. सगळी गल्ली आलेली. प्रत्येकीच्या हातात बाळंतविडा. खारका, खोबरे, डिंक, अंगडी, टोपडी, कुंच्या. मनकर्णामावशी तर कंबरेवर हात ठेवून माझी वाटच पाहत होत्या. म्हणाल्या, लेकीला रातोरात आणली, बाळंत केली, अन् आमाला भिंतीनं सांगायलास व्हय रे? मी सांगितले की ताई अजून आलेलीच नाही. कोणी विश्वास ठेवीना. बाज उलटून पाहिली. गल्लीतली बबिता म्हणाली, मग भिंतीवर लिवलंय ते काय खोटं हाय? तुजं लिवलेलं कदी खोटं नसतंय. वासाचे कारण सांगितले तेव्हा सगळ्या पोट धरून हसल्या.

मास्क एकीलाही नव्हता. थंडीमुळे पदर तोंडावर होते, ते बोलायला खाली आले. मी बाहेर व्हा, बाहेर व्हा म्हणत होतो, पण मोठ्याने म्हणवेना. कारण ताई, खोलीत आल्यावर त्या हसायच्या थांबल्या. वरच्या गल्लीतल्या पार्वतीबाई काठी टेकत आल्या होत्या, आपल्या घरी त्या पहिल्यांदाच आल्या. त्यांची तीन नातवंडे आईने पायावर घेऊन न्हाऊ घातली होती. त्या खाली बसल्या आणि रडू लागल्या. मग सगळ्याच. एप्रिलमध्ये आईला पोचवायला चारच माणसे होती, कोणालाच घराबाहेर पडता आले नव्हते. ते सगळे येणे त्या दिवशी झाले. बाबा भिंतीला टेकून उभे होते. सगळ्या गेल्यावर एवढेच म्हणाले, लय मानसं होती की रे तुज्या आईची.

बुधवारी मला ताप आला. सरकारी दवाखान्यात चाचणी केली, पॉझिटिव्ह. मनकर्णामावशींनाही खोकला आहे, त्याही घरात बसून आहेत. बाबांची चाचणी निगेटिव्ह आली. मी खोलीत परत गेलो नाही, खोली बंद करून घेतली आणि सरळ शेतात आलो. बाबा भाकरी बांधावर ठेवतात आणि दहा पावलांवरून विचारतात, हायस का? ताप उतरतो आहे, श्वासाला त्रास नाही.

तेव्हा ताई, तू येऊ नकोस. फोनवर बाबांनी तुला फक्त तारीख पुढे गेली असे सांगितले आहे, खरे कारण हे आहे. तुझ्या सासूबाई बरोबर बोलल्या होत्या असे समज. तू पूर्णेलाच बाळंत हो. बाळंतविडा बाबांसोबत पाठवून देईन. खोली तशीच राहील.

तुझा,
बालाजी


पूर्णा,
शनिवार, दि. २२ जानेवारी २०२२.

चि. बालाजीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र काल आले. आधी तुझ्या तापाचे वाचून रडले, मग भिंतीचे वाचून हसले, मग पार्वतीबाईंचे वाचून परत रडले. सासूबाई उन्हात लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, येकटीच काय रडतीस अन् हसतीस, मोठ्यानं वाच. लपवण्यासारखे काही उरलेच नव्हते, म्हणून पहिल्या ओळीपासून वाचले. त्यांच्याबद्दलचेही वाचले.

त्या खाली मान घालून लसूण सोलत राहिल्या. मला वाटले, आता जीपचे नाव निघणार नाही. मग म्हणाल्या, भिंतीवर लिवण्याआधी मानसानं लेकरू तरी होऊ द्यावं! आणि एकदम पदर तोंडाला लावला. नंतर म्हणाल्या, ज्या घरात नुसतं भिंतीवर वाचून बाया वटी भरून येत्यात, त्या घरात बाई न्हाई असं म्या कोन्त्या तोंडानं म्हनू?

आता नीट वाच. तुला ताप येऊन आज दहा दिवस झाले. काल पत्र वाचून लगेच फोन केला, तेव्हा बाबा म्हणाले की तू घरी आलास आणि खोकलाही नाही. सासूबाईंनी इथल्या नर्सबाईंना विचारून घेतले. माझी आणि त्यांची चाचणी सोमवारी. ती नीट आली की मंगळवारी आम्ही दोघी निघतो. हो, दोघी. मनकर्णामावशी अजून अंथरुणात, तर न्हाऊ कोण घालणार, म्हणून त्या स्वतः येत आहेत. क्वार्टरमधल्या बायका हसल्या, इहिणीच्या घरी सासू ऱ्हायला जाती का कुठं? तर म्हणाल्या, इहीन असती तर गेलेच नसते.

तू आणि बाबांनी पुढच्या पडवीत झोपायचे असा त्यांचा निरोप आहे. आणि शेगडीला तुरीच्या काड्या नकोत, धूर होतो, शेणी लाव. भिंत पुसू नकोस.

तुझी,
ताई


राणीसावरगाव,
शनिवार, दि. ५ फेब्रुवारी २०२२, सकाळचे सात.

ती. दाजींस,
बालाजीचा सविनय जयभीम. वि. वि.

बाळाचे अंग शेकायला शेणी पेटवून दिली आणि मग हे पत्र घेतले. तुमच्या गँगमधले दोघे पॉझिटिव्ह निघाल्यामुळे तुम्हाला गंगाखेडच्या दवाखान्यात येता आले नाही, आणि मोबाइलवर फोटो किती दिसतो? म्हणून सविस्तर लिहितो.

मुलगी गोरी की सावळी ते अजून ठरत नाही, पण आवाज मोठा आहे. कपाळ ताईचे. कान तुमचे, हे तुमच्या आईंनी सांगितले, मला कानातले कळत नाही. ताईची प्रकृती चांगली आहे. दोन्ही वेळा बाजरीची भाकरी आणि मेथी जेवते. रात्री बाळ रडले की तुमच्या आई उठतात, आणि आमचे बाबाही उठतात. त्यांना काही करायचे नसते. ते उंबऱ्यापाशी येऊन मास्क लावून बसतात आणि बाळ निजले की जातात. एप्रिलपासून ते या खोलीत बसले नव्हते.

मनकर्णामावशी बऱ्या झाल्या आणि चाचणी करून आल्या, तेव्हापासून बाळाच्या न्हाण्यावरून रोज वाद आहे. तुमच्या आई म्हणतात, पानी लय कढत हाय, लेकरू हाय का बटाटा? मावशी म्हणतात, आमच्या गल्लीत सुमारशा पाण्यानं कुनी वाढलं न्हाई. शेवटी मी सकाळ एकीची आणि संध्याकाळ दुसरीची करून दिली. दोघीही दुसरीच्या वेळेला हजर असतात. गल्लीतल्या बायका अंगणाच्या बाहेर उभ्या राहतात, खिडकीच्या जाळीतून बाळ दाखवले की जातात. आत यायचा हट्ट कोणी करत नाही. पार्वतीबाईंना मात्र तुमच्या आईंनी स्वतः खुर्ची नेऊन दिली आणि त्यांच्यापाशी बसून आमच्या आईबद्दल किती वेळ विचारत होत्या. ती कशी न्हाऊ घालायची, काय गाणे म्हणायची. ते गाणे आता तुमच्या आई म्हणतात. अर्धेच येते.

परवा तुम्ही फोनवर त्यांना विचारलेत, की मी लेकीला बघायला कधी येऊ? मी दारात पाण्याची घागर घेऊन उभा होतो. त्या तुम्हाला म्हणाल्या, मला काय इचारतूस? बाळंतपन बालाजीच्या घरी हाय. त्येला इचार. म्या हितं पावनी हाय. एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला आणि घागर खाली ठेव, हात भरंल, असे मला म्हणाल्या. बाबा अंगणात होते, त्यांनीही ऐकले. त्यांनी टोपी काढून झटकली आणि परत घातली, जरा तिरपी.

तर दाजी, मला विचारावे असे ठरले आहे म्हणून उत्तर देतो. तेरा तारखेच्या रविवारी यावे. चाचणी करून यावे. आल्यावर अंगणात हातपाय धुवावेत, कपडे बदलावेत, पाणी तापवून ठेवतो. मग खोलीत या. बाळ कितीही वेळ घ्या. जेवायला आमच्याकडेच थांबावे आणि मुक्काम करावा, पडवीत तिसरे अंथरूण घालतो. थंडी आहे, स्वेटर आणावा.

घरातली सर्व मंडळी सुखरूप आहेत. मोठ्यांना जयभीम, लहानांना आशीर्वाद, आणि तुमचा लोभ आता आमच्या भाचीच्या वाट्याचाही असू द्यावा.

तुमचा मेहुणा,
बालाजी सिताराम