पेजेचा वाडगा

अहो,

तुम्हाला जाऊन नऊ दिवस झाले, पण दरबाराच्या लेखी तुम्ही अजून आजारीच आहात. पुतण्याला दत्तक घ्यायला शोगुनांची मंजुरी मिळण्याआधी तुम्ही गेल्याचं कळलं, तर संस्थान खालसा होईल. मरायलासुद्धा परवानगी लागते तुम्हाला!

"बाईसाहेब, रडणं बाहेर ऐकू गेलं तर बुडालोच आपण," कारभारी कुवायामा रोज बजावतात.

तुमची पेज रोज आत येते. वाडगा रिकामा परत जायला हवा, म्हणून तुमच्याशेजारी बसून मीच ती खाते. शोगुनांच्या हुकमाने एक वर्ष तुम्ही संस्थानात, एक वर्ष इथे त्यांच्या शहरात, एदोत, तेही बाहेरच्या, पुरुषांच्या महालात. लग्नाच्या बारा वर्षांत सलग नऊ दिवस कधी मिळालात का मला?

आज मंजुरी आली. कुवायामांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मी म्हटलं, "अजून एक दिवस आजारी असू द्या ना त्यांना."

तुमची,
सायो