चढ लागला की घर

३ डिसें. ५६, सोमवार
फ्रीगंज. ह्यांच्या मावसभावाकडे पाहुणे म्हणून आज बारावा दिवस. कुसुमवहिनी अजून "राहा हो निवांत" म्हणतात, पण आज मला पाहून साखरेचा डबा झाकला. जागा शोधायलाच हवी.

प्रांतांची वाटणी झाली. अकोला जागचं न हलता मुंबई राज्यात गेलं, आणि आम्ही मध्यप्रदेशातच राहावं म्हणून ट्रंका बांधून इतके लांब माळव्यात आलो. सरकारी हिशेब. हे म्हणतात, कचेरीत असं बोलू नकोस. मी कशाला कचेरीत जाते!

काळजी एकच, मामंजींची. काचबिंदूने पाच वर्षांपूर्वी उरलीसुरली नजर नेली. पण अकोल्यात काठी घेऊन एकटे हिंडायचे. वाचनालय, भाजीबाजार, मारुती. निम्म्या गावाला आपण आंधळे आहोत हे ठाऊकच नव्हतं, असं स्वतःच सांगतात. इथे बारा दिवस काठी कोपऱ्यात उभी आहे आणि ते खाटेवर बसलेत. माझी अट ह्यांना बजावून सांगितली: जिथून मामंजी एकटे बाहेर पडतील आणि एकटे घरी येतील, ती वस्ती. नळ, वीज, शेजार, सगळं मागाहून.

(दरवेळी मामंजी लिहायचा कंटाळा. यापुढे 'मा.'. माननीय वाटले तर वाटोत.)

६ डिसें., गुरु.
मा. नी आज स्वतःच काठी मागितली. म्हणाले, "सरळ रस्ता, तीन चौक, डावीकडे वळलं की घर. पहिलीतलं गणित आहे." एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस, मी काय बोलणार. गेले.

अर्धा तास झाला तरी पत्ता नाही. शोधायला निघाले, तर अलीकडच्या गल्लीतल्या एका व्हरांड्यात खुर्चीवर बसलेले, हातात कपबशी! घरी आलो असंच त्यांना वाटलं. फाटक तसंच, पायऱ्या तीन, खुर्चीसुद्धा वेताची. बसले आणि आत हाक दिली, "चहा टाका ग, साखर बेताची." घर एका सिंधी बाईंचं. बाकी काही कळलं नसेल त्यांना, चहा तेवढा कळला. मुकाट्याने करून दिला.

मी तिथेच फाटकात पोट धरून हसले. मा. पण हसले. घरी आल्यावर मात्र म्हणाले, "इथले सगळे कोपरे सारखे आहेत ग. एकालाही स्वतःचा वास नाही." काठी परत कोपऱ्यात.

हसायला नको होतं मी.

९ डिसें., रवि.
तीन दिवस मा. खाटेवरच. शकूकडून पाढे म्हणवून घेतात. (नऊ वर्षांची झाली, तेविसावर अडते.) आज ती अडली आणि ते पुढचं सांगेचनात. ऐकतच नव्हते.

दुपारी हे आणि मी माधवनगरात जागा पाहून आलो. छान आहे, खोटं का बोला. नळ आत, वीज, अंगणात पेरू. ह्यांची कचेरी कोठीवर, म्हणजे जुन्या सरकारी वाड्यात, सायकलने दहा मिनिटं. ह्यांचा चेहरा असा खुलला की मलाच वाईट वाटलं. पण मी फाटकापासून कोपऱ्यापर्यंत डोळे मिटून चालून पाहिलं.

"काय चाललंय हे भररस्त्यात?"
"वस्ती बघतेय."
"डोळे मिटून?"

तेराव्या पावलाला विजेचा खांब. कपाळावर हे एवढं टेंगूळ. माधवनगर नापास.

११ डिसें., मंगळ.
ह्यांचं म्हणणं, वस्ती नापास झाली नाही, तू झालीस.
कालपासून बोलत नाहीये मी. भाजीत मीठही घातलं नाही. कळलंच नाही त्यांना, दोनदा घेतली!

१४ डिसें., शुक्र.
आज जे झालं ते लिहिताना अजून हसू येतंय.

शकूला घेऊन एकटीच जुन्या शहरात गेले. कार्तिक चौकाच्या मागे, रामघाटाकडे उतरणारी गल्ली. ओट्यावर एक बाई गहू निवडत होती, माझ्याहून लहान. माझं माहेर सातारचं, हिंदी जेमतेम. तरी धीर करून विचारलं,

"बहनजी, इधर जागा है क्या?"
तिचा चेहरा एकदम फुलला. "हाँ हाँ, अभी-अभी जागा है! आओ नी अंदर।"
म्हटलं, नशीब उघडलं. "बड़ा है?"
"सवा महीने का हो गया।"
मला वाटलं, सवा महिन्याचं भाडं आगाऊ मागतेय. म्हटलं, "वो हमारे साब देंगे. पहले देखने को होना."
"देखो नी, देखने ही तो सब आ रिये हैं!"

आत नेलं, पाटावर बसवलं आणि माझ्या मांडीत तिचं बाळ दिलं. टक्क जागं! काजळ घातलेलं, मूठ तोंडात. जागा म्हणजे त्यांच्यात झोपेतून उठलेला, हे मला काय माहीत. मी बाळाकडे बघतेय, बाळ माझ्याकडे, आणि शकू विचारतेय, "आई, खोल्या कुठेत?"

खाणाखुणा करकरून खरं काय ते सांगितलं, तर ती बाई भिंतीला टेकून हसायला लागली. आतून म्हातारा आवाज, "कई हुयो, बहू?" तिने सांगितलं. मग आत जो हसण्याचा गडगडाट झाला! ते तिचे आजेसासरे, सगळे त्यांना दासाब म्हणतात. पूर्वी तांगा हाकायचे, आता गुडघे दुखतात. बाहेर येऊन म्हणाले, "जागा तो देख ली, अब जगह भी देख लो।" पुढच्या अंगाच्या दोन खोल्या, तांगा होता तेव्हापासून घोड्याचा चारा भरलेला. वास येतो. खिडकी एकच, पण दार थेट गल्लीत उघडतं.

मी म्हटलं, आमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना दिसत नाही. एकट्याने फिरता येईल का इथे?
दासाब म्हणाले, "घोड़े को गली का नाम कौन बताता है? उसको चढ़ाव-उतार याद रेता है।"
हे वाक्य मी घरी येईपर्यंत घोकत आले. आता ह्यांच्याशी बोलावं लागणार. बोलले.

१६ डिसें., रवि.
मा. ना तांग्यातून घेऊन गेलो. यायलाच तयार नव्हते. "मला कशाला? तुम्ही पाहा, मला जिथे खाट टाकाल तिथे मी." असं कधी बोलत नाहीत. ऐकवेना. शकूने हात धरून ओढलं तेव्हा उठले.

गल्लीच्या तोंडाशी उतरले आणि उभेच राहिले. नाक वर, मान कलती. हे घाईला आले, "चला ना नाना." मी ह्यांचा हात दाबला. मा. बोलायला लागले, आपल्याशीच. "डावीकडे जिलेबी. पलीकडे तांब्याची भांडी ठोकताहेत, दोघं जण आहेत, एक नवशिका. आणि हवा खालून येतेय, ओली. नदी तिकडे."

पाच वर्षांत त्यांनी मला इतकं काही दाखवलं नव्हतं.

मग दासाब आले. ते काठी टेकत, मा. ही काठी टेकत. दोघे घाटापर्यंत उतरून परत आले, आम्ही मागे. मा. मराठीत बोलत होते, दासाब माळवीत, दोघेही मोठ्याने, कारण एकाची भाषा दुसऱ्याला नीट कळत नाही आणि ओरडलं की कळेल असं दोघांनाही वाटतं. परत चढताना मा. थांबले, पाय दोनदा आपटले आणि म्हणाले, "अरे, किती सोपंय. उतार लागला की नदी, चढ लागला की घर."

मी पदर तोंडाला लावला. रडू येत होतं की हसू, आता आठवत नाही. दोन्ही असावं.

१७ डिसें., सोम.
ह्यांच्या तक्रारी: कचेरीला सायकलने अर्धा तास, वर रेल्वेचा पूल. पाणी गल्लीच्या नळावरून. एक खिडकी. घोड्याचा वास.
सगळं खरं आहे. एकही खोडून काढता आली नाही.
शेवटी म्हणाले, "सरकारी क्वार्टरचा अर्ज दिलेलाच आहे. मिळेपर्यंत राहू." कुसुमवहिनी म्हणतात, सगळं जग तिकडून फ्रीगंजला येतंय आणि तुम्ही उलटे! पण आज साखरेचा डबा उघडा होता. शिरा केला त्यांनी.

२३ डिसें., रवि.
आलो! चारा निघाला, दोनदा सारवलं, तरी वास आहेच. शकू म्हणते, घोडा अजून आत आहे, फक्त दिसत नाही. मा. म्हणाले, "मग आमची जोडी जमेल."

३ जाने. ५७, गुरु.
मा. रोज दोनदा घाटावर, दासाबांबरोबर. घरी आले की बातम्या: घाटावरच्या पंड्याच्या सुनेला मुलगी झाली, वरच्या हलवायाचं तूप बदललं. मला इथे तोंडओळखीचं कुणी नाही आणि मा. ना गल्ली 'मास्साब' म्हणायला लागली. हेवा वाटतो थोडा.
शकू शाळेतून पहिला शेरा घेऊन आली. कागदावर वरती 'शिक्षा विभाग' वाचून दचकली, म्हणाली, मी तर काहीच केलं नाही!

१४ जाने., सोम., संक्रांत
गल्लीभर गिल्लीदांडू, आपला विटीदांडूच. इथे संक्रांतीला मोठमोठे बाप्येसुद्धा खेळतात. एक गिल्ली आमच्या दारावर थडकली तेव्हा मी मा. ना आत बसवलं. ते चिडले, चांगलेच. "म्हणजे तुझ्या परवानगीने फिरायचं का मी?"
मी तिळगूळ घेऊन भाभीकडे, बाळाच्या आईकडे, गेले. बाळ जागा होता. आता हे वाक्य आमच्या दोघींचं झालंय, दारातूनच विचारते, जागा है क्या? रोज हसतो.

१९ जाने., शनि.
पत्र आलं. माधवनगरला क्वार्टर मंजूर. तीन खोल्या, नळ, वीज. अठ्ठावीसपर्यंत हो-नाही कळवायचं, नाहीतर पुढच्या अर्जदाराला जाणार. परत कधी मिळेल देव जाणे.

हे फार शांतपणे बोलले, त्यामुळे भांडताही येईना. "तुझी अट काय होती? एकटे जातील, एकटे येतील. महिना होत आला. नाना एकदा तरी एकटे गेलेत का? दासाबांचा हात धरून तर ते फ्रीगंजातही फिरले असते."
खरं आहे. मी ते स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते. सिंधी बाईंच्या व्हरांड्यानंतर मा. एकटे उंबरठ्याबाहेर गेलेले नाहीत. भितात. मीही भिते.
मा. पलीकडच्या खोलीत होते. ऐकलं असणार.

२२ जाने., मंगळ.
जेवताना मा. एकदम म्हणाले, "शनिवारी सुट्टी आहे ना? त्या दिवशी मी एकटा जाणार. कुणी मागे यायचं नाही. पाळतीवर शकूलाही ठेवायचं नाही. शपथ घ्या."
घेतली. ह्यांनीही.

२६ जाने., शनि.
सकाळी शकूचं झेंडावंदन, बुंदीचा लाडू. दुपारी चार वाजता मा. निघाले. स्वच्छ धोतर, कोट. दारात दासाब उभे, त्यांनीही हात पुढे केला नाही. "पधारो, मास्साब," एवढंच. काठीचा आवाज भांडी ठोकण्यात मिसळून गेला.

अर्ध्या तासात येतो म्हणाले होते. पाऊण तास झाला. मी उंबरठ्यावर बसून ही वही लिहितेय, म्हणजे उठणार नाही. हे आत-बाहेर. आत्ता म्हणाले, "जाऊन बघू का?" शपथेची आठवण मी करून दिली. मीच! दासाब ओट्यावर, डोळे गल्लीकडे. भाभीने बाळ आणून माझ्या मांडीत ठेवलंय.

सव्वापाच. घाटाकडून वर येणाऱ्या एका बाईला दासाबांनी विचारलं. तिने मास्साबना पाहिलं नाही.
देवा, नळ हवा, वीज हवी, मी जाते माधवनगरला.

(पुढे. पावणेसहा.)
आले. गल्लीच्या वरच्या तोंडाने आले! आम्ही सगळे खालच्या बाजूला डोळे लावून बसलेलो आणि पाठीमागून, "दार उघडं का टाकलंय?" धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, कोटाला कुणाच्या तरी गुलालाचा हात, कानशिलं घामाने चमकताहेत. हातात जिलेबीचा पुडा.

"नाना, होता कुठे?"
"हरवलो होतो," मा. म्हणाले. इतक्या आनंदाने कुणाला हरवताना मी पाहिलं नाही. "चांगला दोनदा. एकदा पाण्यात पाय गेला, एकदा कुणाच्या तरी अंगणात. दोन्ही वेळा मीच मला शोधून आणलं. विचारावं लागलं नाही कुणाला."

हे पुढे आले. वाकून त्यांचं धोतर पिळायला लागले, तिथेच गल्लीत, सगळ्यांसमोर. बराच वेळ पिळत होते. मग आत गेले, फडताळातलं पत्र काढलं, वाचलं, घडी घालून परत ठेवलं. अठ्ठावीस परवा आहे. मी विचारलं नाही.

मा. जिलेबी वाटताहेत आणि दासाबांना ओरडून सांगताहेत की उद्या ते उलट्या बाजूने हरवून बघणार आहेत.