मागून आणलेली भांडी

आई,

आज सुनेनं नवं पातेलं आणलं. सीताबर्डीवरच्या दुकानातून तिचा फोन आला, "आई, नाव कोरून देतात. तुमचं टाकू का?" मी म्हटलं, तुझंच टाक बाई. तिला वाटलं, सासू मोठ्या मनाची आहे. मोठं मन वगैरे काही नाही. माझ्या नावाची भांडी या घरात आधीच आहेत, आणि त्यांच्याबद्दल तुझ्याशी बोलायचं राहून गेलंय. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आता बोलून काय मिळणार हे मलाही कळतं. तरी लिहायला बसले.

आपण अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा घरात नवं भांडं आलं की मी कपाळाला हात लावायचे, कारण मग कन्हान नदीची वारी ठरलेली. परक्या धर्माच्या माणसाकडून घेतलेलं धातूचं किंवा काचेचं भांडं आपलं झालं की वापरायच्या आधी ते नदीत, विहिरीत, नाहीतर समुद्रात बुडवायचं, हा आपला धर्म. नळाचं पाणी चालत नाही. नागपुरात आपल्या बेने इस्राएली ज्यूंची घरं मुळातच मोजकी, आणि त्यांतही हे पाळणारी तू एकटी. तुझ्या वडिलांनी तुला कोकणात शिकवलेलं, पण तिथं दारात खाडी होती. इथं पॅसेंजर पकडून जायचं, तेही बाबांचा पास होता म्हणून. तू काठावर बसून भांड्याला चिकटलेला कागद नखानं खरवडून काढतेस, खळीचा डागसुद्धा राहू देत नाहीस. मग गुडघाभर पाण्यात उभी राहून प्रार्थना म्हणतेस आणि भांडं माझ्या हातात देतेस. "सैल धर गं. तुझ्या बोटांखाली पण पाणी गेलं पाहिजे." मी सैल धरते, भांडं निसटतं, आणि पाठीत धपाटा बसतो. धपाटे परवडले. एकदा न बुडवलेल्या डब्यातला चिवडा मी खाल्ला तेव्हा तू उरलेला चिवडा गाईपुढे टाकलास आणि माझ्याशी बोलणंच बंद केलंस. तुझी खरी शिक्षा तीच असायची.

एका शुक्रवारची गोष्ट तुला आठवत असेल. दिवस मावळला, शब्बाथ लागला, म्हणजे शनिवारी अंधार पडेपर्यंत सगळी कामं बंद, आणि बाबांच्या ओळखीचे पाहुणे मुंबईहून अचानक दारात. घरातली ताटं पुरेनात. नवी ताटं होती, पण बुडवलेली नव्हती, आणि शब्बाथला बुडवता येत नाहीत. तू ती उचललीस आणि कुंपणावरून शेजारच्या काकूंच्या हातात ठेवलीस. "ही तुम्हाला दिली. आता तुमची." आणि लगेच, "मला आजच्यापुरती वापरायला द्याल?" काकू हसून बेजार. "काय वं बाई, देतेस काहून अन् मांगतेस काहून?" रात्री तू मला समजावलंस की आपलं भांडं बुडवावं लागतं, परक्या धर्माच्या माणसाकडून मागून आणलेलं नाही. शब्बाथ संपल्यावर तू ती ताटं काकूंकडून परत मागून घेतलीस आणि रविवारी नदीत बुडवून आणलीस. परत मागून घेतलीस, हे मी मुद्दाम लिहितेय.

पुढं मी यांच्याशी नोंदणी लग्न केलं. ऑफिसातला मुलगा, उमरेडकडच्या शेतकरी घरातला, हिंदू. तू दारात उभी राहून एवढंच म्हणालीस, "तुझ्या घरात माझं जेवण नाही." बाबा अधूनमधून गुपचूप येऊन चहा पिऊन जायचे. तू नातवाच्या बारशालासुद्धा आली नाहीस. मग बाबा गेले, दादा इस्रायलला गेला. तू तुझी बहुतेक भांडी त्याच्यासोबत दिलीस आणि एका खोलीत एकटी राहिलीस. पोटाच्या दुखण्यानं तू सरकारी दवाखान्यात पडलीस हे मला तुझ्या घरमालकीणबाईकडून कळलं. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, आणि त्या म्हणण्याचा अर्थ आम्हाला समजला. तुझी उरलीसुरली ताट-वाटीसुद्धा वॉर्डातून कुणीतरी लंपास केलेली.

तुला आणायला हेच गेले. त्याआधी इतवारीच्या बाजारात जाऊन त्यांनी तुझ्यासाठी सगळं कोरं आणलं होतं, पातेलं, ताट, वाटी, पेला. आमच्या घरात आपल्या धर्माप्रमाणे न कापलेलं मटण शिजतं, जुन्यातलं तुला चालणार नाही, एवढं त्यांना माहीत होतं. आणि हौसेनं त्या प्रत्येक भांड्यावर माझं नाव टाकून आणलं. लेकीचं नाव दिसलं की आईला आपलं वाटेल, असं त्यांच्या भोळ्या मनात. मी उजेड होता तोवर पेज करून ठेवली. तुम्ही पोचलात तेव्हा दिवस मावळला होता. शुक्रवार होता.

मी वाटी पुढं धरते. तू ती हातात घेतेस, आणि तुझा अंगठा कडेवरच्या अक्षरांवरून फिरतो. "नाव तुझं आहे. बुडवलीस?" मी मानेनं नाही म्हणते. तू वाटी खाली ठेवतेस. दोन दिवस तुझ्या पोटात काही नव्हतं. हे दारातून पुढं आले. "आई, भांडे मीनं आणले. पैसे माहेच आहे. नाव फक्त हिचं टाकलं." तू त्यांच्याकडे पाहिलंही नाहीस. माझ्याकडे पाहत होतीस. "तू सांग. कुणाची आहेत?"

मला काकूंची ताटं आठवली. परक्याच्या भांड्यातून तुला न बुडवता जेवता येणार होतं. तू कोणतं दार उघडते आहेस ते मला कळलं, आणि त्या दारातून जायला मला काय खाली ठेवावं लागणार तेही कळलं. मी म्हटलं, "त्यांचीच आहेत. यातलं माझं काही नाही." ज्यांनी माझं नाव घालून आणलं ते शेजारीच उभे होते. तू वाटी उचललीस आणि सगळी पेज प्यायलीस. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या घरात जेवलीस, आणि मला हुंदका आला तो आनंदाचा नव्हता.

रविवारी मी म्हटलं, ही भांडी कन्हानला नेऊन बुडवून आणते, म्हणजे माझी म्हणून वापरता येतील. तू भिंतीकडे तोंड करून म्हणालीस, "कशाला? त्याची आहेत ना?" मी परत विचारलं नाही. त्यानंतर तू फार दिवस काढले नाहीस. शेवटचं पाणीही त्याच पेल्यातून प्यालीस, जावयाच्या. तू माझ्या घरी जेवता यावं म्हणून ती वाट शोधलीस, की माझ्या लग्नाचा हिशेब चुकता केलास, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही. काही दिवस मला तुझ्याबद्दल फार माया वाटते. काही दिवस तुझा राग येतो, आणि त्या दिवशी भाजी करपते.

तू गेल्यावर यांनी एकदा विचारलं, "आता तं ते भांडे तुहेच आहे ना?" मी हो म्हटलं. त्यांना बरं वाटलं. हा कागद त्या पातेल्यात ठेवणार होते, पण उद्या त्यात वरण लावायचंय, म्हणून फाडून टाकीन. एवढं मात्र सांगते. ते वाक्य मी तुझ्या पोटात चार घास जावेत म्हणून बोलले होते, पण काकूंकडून तू ताटं परत मागितलीस तसं मला ते कधी मागं घेता आलं नाही. माझ्या नावाची ती भांडी मी अजून रोज घासते, आणि पालथी घालताना, उद्या कुणाला तरी परत द्यायची आहेत, असंच वाटतं.